दुमडलेलं पान

माझ्या टेबलावरच्या प्रत्येक वहीला दोन सुरुवाती आहेत. पुढून कार्यालयाची कामं, मागून माझं. नांदेडला नोकरीला लागून सहा वर्षं झाली, तरी शेजारच्या टेबलावरच्या ताई अजून विचारतात, वही उलटी धरून काय लिहायलात म्हणून. मी सांगते, गृहपाठ. त्यांना तो विनोद वाटतो. विनोद नाही. बिराजदार बाईंनी दिलेला गृहपाठ आहे, आणि तो पुरा झाला असं त्यांनी आजवर सांगितलेलं नाही.

अहमदपूरच्या आमच्या शाळेत बाई नववी-दहावीला मराठी शिकवायच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. गजरा माळलेल्या बाया आम्ही पुष्कळ पाहिल्या होत्या, पेन्सिल माळलेली बाई पहिलीच. ती पेन्सिल त्या दिवसातून चारदा हरवायच्या. पर्स उलटीपालटी करायच्या, टेबलाखाली वाकायच्या, शेवटी पहिल्या बाकावरची एखादी पोरगी आपल्या डोक्यामागं हात लावून खूण करायची. बाई पेन्सिल काढायच्या आणि जणू आमचीच काही चूक झाली अशा नजरेनं आमच्याकडं बघायच्या.

त्या देवणीकडच्या. घरात कानडी. रागावल्या की कानडीतूनच रागवायच्या, त्यामुळं आपल्याला नेमकं काय बोलणं बसलं ते कळायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. उदगीरकडचा बालाजी नावाचा एक पोरगा वर्गात होता, तो भाषांतर करून द्यायचा. पण स्वतःच्या सोयीनं. बाई त्याच्यावर रागावल्या की तो सांगायचा, 'बाई म्हणायल्या, बालाजी हुशार हाय पण दाखवत न्हाई.'

पहिल्या तासाला कुणीतरी कुरकुर केली, की पुस्तकातली जुनी मराठी समजत नाही. आठशे वर्षांपूर्वीची भाषा, आमच्या काय कामाची? बाई टेबलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "लेकराहो, तुम्हाला आठशे वर्षांपूर्वीची मराठी कळंना. मला शाळेत गेल्यावर आजची कळत नव्हती. मी एकेका शब्दाला थांबवून विचारायची, बाबा तू कोण, कुठून आलास? तुम्हीबी विचारा. शब्द माणसावाणी असतेत, विचारल्याबगर घरात येत न्हाईत."

मग त्यांनी वह्या काढायला लावल्या. दोनशे पानी वही. ती उलटी करा म्हणाल्या. पुढून परीक्षेची, मागून तुमची. पुढं मी फळ्यावर लिहीन ते उतरवायचं, मागं धडा वाचून तुमच्या मनात जे आलं ते लिहायचं, रोज अर्धं पान. दोन्हीकडून येत येत वही मधी मिळाली की वर्ष संपलं. मागच्या पानांवर त्या लाल शाई लावत नसत. शुद्धलेखन बघत नसत. पेन्सिलीनं खाली एक प्रश्न लिहायच्या, फक्त एकच, आणि त्याचं उत्तर पुढच्या पानावर द्यायचं असायचं. शाबासकी कधीच नाही. फार आवडलं तर 'बरं, मग?' एवढं लिहायच्या. त्या दोन शब्दांसाठी आम्ही पानंच्या पानं भरायचो.

आणि एक नियम होता. जे पान बाईंनी वाचू नये असं वाटतं, ते उभं मधोमध दुमडायचं. दुमडलेलं पान त्या वाचायच्या नाहीत.

आम्ही अर्थातच परीक्षा घेतली. कुणी दुमडलेल्या पानात केस ठेवला, कुणी शेंगदाण्याचं टरफल. वही परत आली की केस तिथंच, टरफल तिथंच. बालाजीनं तर दुमडलेल्या पानाच्या आत बाईंचं चित्र काढलं, पेन्सिलीसकट, आणि आठवडाभर त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. काही नाही. शेवटी त्यालाच राहवेना. त्यानं ते पान उलगडून सरळ केलं आणि वही दिली. बाईंनी चित्राखाली प्रश्न लिहिला, 'एवढी जाड हाय का मी?'

शिकवायच्या कशा, तर शिकवायच्याच नाहीत असं बाहेरून वाटावं. त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. धड्यात दोन माणसांचं पटत नसलं की वर्गाच्याही दोन बाजू व्हायच्या. एकाच्या बाजूचे खिडकीकडं, दुसऱ्याच्या बाजूचे दाराकडं. वाद घालायचा, आणि वाद चालू असताना मत बदललं तर तोंडानं सांगायचं नाही, उठून पलीकडं जाऊन बसायचं. लाज वाटू द्यायची नाही. 'मत बदलणं म्हणजे जागा बदलणं, जात न्हाई बाटत त्यानं,' असं त्या म्हणायच्या.

दहावीला तसा एक जुना उतारा होता. गुरूनं शिष्याला भिक्षेला पाठवलं. एका खोपटात म्हातारीनं फुटक्या मडक्यातली आंबील पुढं केली. शिष्य ती न घेता पुढच्या मोठ्या घराकडं गेला. गुरूला हे कळलं, तो म्हणाला, परत जा, पहिल्यांदा तिची आंबील पिऊन ये. एवढीच गोष्ट, दीड पान. गाईडमध्ये तिचा अर्थ चार ओळींत दिलेला होता. आमच्याकडं ती आठ दिवस चालली.

पहिल्या दिवशी सगळा वर्ग गुरूच्या बाजूनं खिडकीकडं. मग एक पोरगी उठली आणि दाराकडं गेली. ती म्हणाली, गुरू स्वतः का गेला नाही? पाठवायला काय लागतं? तिच्यामागं दहा-बारा जण गेले. मग कुणी म्हणालं, म्हातारीला कुणी विचारलंय का, तिला त्या शिष्याला पुन्हा दारात बघायचं होतं का? ही तर तिसरीच बाजू झाली, तिला जागाच नव्हती. बाईंनी तिला फळ्याखाली बसवलं. बालाजी त्या तासात सात वेळा इकडून तिकडं गेला. बाईंनी कारण विचारलं. तो म्हणाला, "पंखा खिडकीकडं हाय बाई. घाम आला की मत तिकडं जातंय."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "ते लिही मागच्या पानावर," म्हणाल्या. "लई लोकांची मतं पंख्याकडं बघूनच ठरतेत. ते कबूल करणारा तू पहिला."

हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण दहावीचं वर्ष होतं. अहमदपूरहून दीड तासावर लातूर, आणि लातूर म्हटलं की मार्क. आमच्याकडं पोरगं जन्मलं की लोक आधी नाव ठेवतात आणि मग शिकवणी ठरवतात. वर्गातून आरडाओरडा ऐकू येतोय, मराठीच्या वहीत पंख्याबद्दल लिहिलंय, आणि दुसऱ्या तुकडीत भिसे सरांनी नऊ धड्यांची उत्तरं लिहूनसुद्धा दिली, हे पालकांच्या कानावर गेलंच. पालक समितीचे अध्यक्ष सोनवणे काका, कापडाचे दुकानदार, त्यांचा मुलगा आमच्या वर्गात. ते मुख्याध्यापकांकडं गेले. कदम सर मुख्याध्यापक म्हणून भले माणूस, पण तक्रारीला भिणारे. त्यांनी बाईंना सांगितलं, पूर्वपरीक्षेत तुमच्या वर्गात काही कमीजास्त झालं तर दहावी भिसे सरांकडं द्यावी लागंल आणि तुम्हाला आठवी. शिपाईमामांनी ते दाराबाहेरून ऐकलं आणि मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलं.

बाईंना आम्ही विचारलं. त्या पेन्सिल शोधत होत्या. "आठवी पण चांगली असती की," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी पेन्सिल अंबाड्यात आहे हे खुणावल्यावरही त्यांना बराच वेळ समजलं नाही.

आम्ही ठरवलं की बाईंचं नाव खाली जाऊ द्यायचं नाही. वह्यांची पुढची बाजू पाठ केली. बालाजीनंसुद्धा केली. आणि एवढं करून घोटाळा झाला तो माझ्याच हातून.

इथं माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते. माझे वडील, अप्पा, अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे, आणि मी त्या पाठीवर बसून बी.ए.पर्यंत गेले, हेही सांगते. पण नववीत गावाकडून या शाळेत नवीन आले तेव्हा बाकावरच्या पोरींनी विचारलं, वडील काय करतात. मी म्हणाले, मोंढ्यात आडत आहे आमची, दलालीची पेढी. तोंडातून निघून गेलं. मग दोन वर्षं ते सांभाळत बसले.

पूर्वपरीक्षेच्या पेपरात त्याच उताऱ्यावर प्रश्न आला. शिष्यानं आंबील नाकारली याबद्दल तुमचं मत अनुभवाच्या आधारे लिहा. मी लिहीत सुटले. शिष्य चुकला, पण मला त्याचा राग येत नाही, कारण मी त्याच्यासारखीच आहे, असं लिहिलं. आडतीचं सगळं लिहिलं. घंटा झाली. पर्यवेक्षक पेपर ओढायला आले, आणि दोन वर्षांची हाताची सवय, मी ते पान मधोमध उभं दुमडलं आणि पेपर देऊन टाकला.

त्या वर्षी शाळांनी पेपर एकमेकांत बदलून तपासायचं ठरवलं होतं. माझा पेपर दुसऱ्या शाळेतल्या कुणा सरांकडं गेला. त्यांनी ते पान उलगडलंसुद्धा नाही. दुमडीवर लाल गोल केला, पेपराला पिन लावून ते पान बंद केलं आणि सोबत चिठ्ठी पाठवली. विद्यार्थिनीने ओळख पटण्यासाठी खूण केली आहे, शाळेने चौकशी करावी.

चौकशी झाली. कदम सरांच्या खोलीत सर, सोनवणे काका, बाई, मी, आणि मोंढ्यातून निरोप देऊन बोलावलेले माझे वडील. अंगावर तुरीचा भुसा, डोक्याचं फडकं हातात. खुर्ची दिली तर बसले नाहीत, कपड्यानं खुर्ची खराब होईल म्हणून. टेबलावर माझा पेपर. पेपर रद्द होईल याची भीती होतीच, पण त्या पानात काय आहे ते ज्यांनी कधीच ऐकू नये तेच समोर उभे होते.

सोनवणे काकांनी बोलायला सुरुवात केली. हीच ती शिकवण, आज पान दुमडायलेत, उद्या बोर्डात दुमडतील आणि अख्ख्या शाळेचं नाव जाईल. त्यांचं सगळंच चूक होतं असंही नाही. बोर्डात खरंच पेपर अडकला असता.

कदम सरांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी पेपर बाईंकडं सरकवला. म्हणाले, बाई, पिन काढा, उलगडा आणि वाचा. उत्तरच असंल तर विषय संपला. दहावी तुमच्याकडंच राहते.

बाईंनी पेपर हातात घेतला. पान बघितलं, आणि ते मधोमध उभं दुमडलेलं आहे हे त्यांना दिसलं. माझ्याकडं बघितलं. मग पेपर जसा होता तसा टेबलावर ठेवला.

"दुमडलेलं पान मी वाचत न्हाई, सर."

सर म्हणाले, अहो, हा परीक्षेचा पेपर आहे, वही नव्हे.

"पोरीला ते वेगळं वाटलं न्हाई. माझीच चूक हाय ती, मीच सांगितलं न्हाई तिला. पण शब्द दिलेला हाय."

"मग दहावी सोडावी लागंल," सोनवणे काका म्हणाले.

"सोडते की," बाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा. फक्त अंबाड्यातली पेन्सिल काढून त्या पुन्हा खोचत होत्या, काढत होत्या, खोचत होत्या.

मी तेव्हा कुणी शूर पोरगी नव्हते. पण ती पेन्सिल बघवेना. मी पुढं झाले, पिन काढली, पान सरळ केलं आणि वाचायला लागले. मोठ्यानं. शिष्य, म्हातारी, आंबील, आणि मग आमची नसलेली आडत. मी वडिलांकडं बघितलं नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या वेळापत्रकाकडं बघत शेवटची ओळ म्हटली. शिष्य निदान परत गेला, मला अजून जमलेलं नाही, अशी ती ओळ होती.

मग वडिलांनी घसा साफ केला.

"मोंढ्यात असतो असंच सांगितलीस न्हवं? ते तर खरंच हाय," ते म्हणाले. "आडत्या गादीवर बसतोय, मी पोत्याखाली. मोंढा दोघांचाबी." मग कदम सरांकडं वळून, "सर, ह्यात गुन्हा कोणता झाला ते मला अजून कळंना. ती म्हातारी कोण म्हणायची?"

सोनवणे काका आधी हसले. मग कदम सर. बाई नाही. त्यांनी माझ्या वडिलांना गुरू-शिष्याचा उतारा पहिल्यापासून सांगितला, उभ्याउभ्या, वर्गात सांगायच्या तसा, आणि वडील फडकं खांद्यावर टाकून ऐकत राहिले. सोनवणे काका जाताना एवढंच म्हणाले, माझ्या पोरानं मागच्या पानावर काय लिहिलंय ते मला दाखवाल का. बाई म्हणाल्या, त्याला विचारा.

दहावी बाईंकडंच राहिली. कदम सरांनी माझं उत्तर स्वतः तपासलं आणि पाचापैकी चार दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला. आणि अट घातली की आठवड्यातले दोन तास वहीच्या पुढच्या बाजूलाच द्यायचे. बाईंनी ती मान्य केली, पाळलीही, नाराज तोंडानं.

माझी वही परत आली तेव्हा शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं प्रश्न होता, 'अप्पा कोणत्या बाजूला बसले असते?' मी घरी विचारलं. वडील जेवत होते. बराच विचार केला त्यांनी. म्हणाले, "खिडकी न्हाई न् दार न्हाई. मी आधी आंबील पिऊन आलो असतो. वाद काय, पोट भरल्यावरबी घालता येतोय." मी ते जसंच्या तसं लिहून दिलं. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं, माझी परवानगी घेऊन, आणि अप्पांचं नाव सांगितलं. शिवाय काय करतात तेही सांगितलं. बाकावरच्या पोरींनी माझ्याकडं वळून बघितलं. एवढंच झालं. दोन वर्षं ज्याला भ्याले होते ते एवढंच होतं. मधल्या सुट्टीत बालाजीनं फक्त विचारलं, शंभर किलो खरंच उचलतेत का, आणि पैज लावून दप्तर भरून बघितलं.

बोर्डाच्या पहिल्या पेपराला केंद्राच्या फाटकाशी ही गर्दी. बाकीच्या शाळांचे मास्तर पोरांना शेवटचं शेवटचं सांगत होते, समास, अलंकार, पत्राचा मायना. आमच्या बाई फाटकाच्या दगडावर चढून ओरडत होत्या, "दुमडू नका रे लेकराहो. काहीबी दुमडू नका." लोक थांबून बघत होते. एका पालकानं आपल्या पोराला विचारलं, हा कोणता धडा, आपला राहिला का?

आम्ही कुणीच दुमडलं नाही. मी सहा पुरवण्या लिहिल्या, सगळ्या सपाट.

पुढं मी लातूरला बी.ए. केलं, मग नांदेड. बाई निवृत्त होऊन देवणीला गेल्या. गेल्या उन्हाळ्यात मी घरी चालले होते, आणि अहमदपूरच्या बसस्टँडवर उदगीरच्या फलाटाला मला मागून तो अंबाडा दिसला. पांढरा झालेला, पेन्सिल मात्र पिवळीच. नाही, पेन्सिल अंबाड्यात नव्हती, हातात होती. बाई मांडीवर वही उलटी धरून लिहीत होत्या.

पाया पडले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, नाव आठवायला त्यांना वेळ लागला नाही. अप्पांचं विचारलं. मी सांगितलं, आता पोती उचलत नाहीत, मोंढ्यातच बसून पोत्यांची तोंडं शिवतात, सुई-सुतळी घेऊन, आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी वाद घालतात. "पोट भरून ना?" बाई म्हणाल्या. मग विचारलं, मागून किती पानं झाली? मी खरं सांगितलं, यंदा कमी झाली, कार्यालयात काम वाढलंय. त्या म्हणाल्या, "बरं, मग?"

तेवढ्यात उदगीरची गाडी लागली आणि आपल्याकडं गाडी लागल्यावर जे होतं ते झालं. मी खिडकीतून त्यांचा रुमाल टाकून जागा धरली, त्या गर्दीतून आत चढल्या. मागं वळून बघते तर वही बाकावरच राहिलेली. उचलली. पेन्सिल आत होती, तिच्यामुळं वही तिथंच उघडली. समोरचं पान उभं मधोमध दुमडलेलं. आतलं पेन्सिलीचं लिहिणं कागदाच्या पाठीवर उमटलेलं दिसत होतं, बारीक अक्षर, पानभर. ड्रायव्हर अजून चढला नव्हता. वेळ होता.

मी वही मिटली आणि खिडकीतून वर दिली. बाईंनी ती घेतली, मांडीवर उघडली, दुमड बघितली. मला वाटलं विचारतील. त्यांनी विचारलं नाही. पेन्सिल काढून अंबाड्यात खोचली आणि वही पर्समध्ये ठेवली. गाडी निघाली, फलाट ओलांडून वळणावर गेली तेव्हा खिडकीतून दिसल्या, पर्स उलटीपालटी करत होत्या. काहीतरी शोधत होत्या.

मी फलाटावरून डोक्यामागं हात लावून खूण केली. दिसली की नाही, माहीत नाही.